पाचव्या दिवसाचं पाणी

सोलापुरात कुणी बुडून मेलं म्हटलं
तर लोक आधी हसतील, मग विचारतील, कशात?
पण साखर पेठेत, आमच्या दुसऱ्या मजल्यावर,
एक झाड रोज थोडं थोडं बुडत होतं
आणि बुडवणारे होते आमचे हे.

स्रवंतीनं हैदराबादहून ऑर्किड पाठवलं होतं,
पुठ्ठ्याच्या खोक्यात, अकरा जांभळ्या फुलांचं,
ह्यांच्या निवृत्तीला.
चाळीस वर्षं टॉवेलच्या मागापुढे उभा राहिलेला माणूस
घरी बसला की हात काहीतरी शोधत राहतात.
ह्यांच्या हातांना तांब्या सापडला.

सकाळी बीपीच्या गोळीनंतर उरलेलं पाणी त्याला.
दुपारी, "तापलं असेल बिचारं" म्हणून.
नळ येऊन गेला, पिंपं भरली,
की रात्री मोठ्या मनानं आणखी एक तांब्या.
जिथं पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं,
भांड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं संडासला जातं,
तिथं ह्यांनी त्याला स्वतःच्या वाट्याचं पाजलं.

फुलं गळाली. ती गळणारच होती.
मग पानं लुळी पडली, सुरकुतली,
अगदी तहानल्यासारखी,
म्हणून ह्यांनी पाणी वाढवलं.

एप्रिलात, पारा बेचाळीसवर असताना, मी कुंडी उपडी केली.
दडपून ठेवलेल्या ओल्या चादरीचा वास.
मुळं चिमटीत धरली तर साल निसटून आली,
हातात नुसता दोरा.

दोरा मला कळतो.
कुजका दोरा मागात राहू दिला
तर पुढचं सगळं कापड जातं.

माझी कात्री काढली,
कांड्या भरायच्या दिवसांतली, बोटाएवढी.
गॅसवर तापवली आणि फतकल मारून बसले.
कच. काळं.
कच. तपकिरी.
कच. हे बरं वाटलं होतं, आतून पोकळ निघालं.
सतरांतली तीन उरली.
दारातून हे म्हणाले, "इतकं?"
मी म्हटलं, "इतकंच."
चपला घालून खाली गेले ते दिवेलागणीलाच आले.

कापल्या जागी मिसळणाच्या डब्यातली दालचिनी, पूड करून.
घरभर पुलावाचा वास, आणि पुलाव नाही.
नारळाच्या शेंड्या, विटेचे तुकडे,
शेगडीतला कोळसा फोडून.
माती नाही. ह्याला माती लागतच नाही,
होटगी रोडच्या नर्सरीतले शिवलिंगप्पा म्हणाले,
हे दुसऱ्या झाडाला धरून हवेत राहतं.
पितं, वाळतं, मग परत पितं.

वाळतं, हा शब्द ह्यांना कसा सांगायचा?

खिडकीला ओला टॉवेल बांधला,
ह्यांच्याच कारखान्यातला, काठाची वीण चुकलेला,
म्हणून विकला न जाता घरी आलेला.
त्यातून झळ गाळून येते.
तासाभरात कोरडाठाक, परत भिजवायचा.
ते काम ह्यांना दिलं.
झाडाला हात नाही. टॉवेलला लावा हवा तेवढा.

झाडाला पाणी फक्त नळाच्या दिवशी.
महापालिकेचं वेळापत्रक कुणाला तरी मानवलं.

मे गेला. टॉवेल विरला, दुसरा बांधला.
उरल्या तीन पानांतलं एक पिवळं पडलं.
मी कुंडी वळवून ते पान भिंतीकडे केलं,
ह्यांना दिसू नये म्हणून.
ह्यांनीही, मला वाटतं, ते बघून ठेवलं होतं.
आम्ही दोघं बोललो नाही.

आज सकाळी, कुंडीच्या बाहेर,
भलत्याच दिशेला, टॉवेलकडे तोंड करून,
तांदळाएवढं हिरवं टोक.
मागे इंचभर मूळ, चंदेरी, टणक.

ह्यांनी चष्मा लावला, काढला, सदऱ्याला पुसला, लावला.
तेलुगूत त्याला काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही.
मग हात तांब्याकडे गेला.
मी पीठ मळत होते. मळत राहिले.
तांब्या उचलला, झाडाजवळ नेला,
क्षणभर तिथंच धरला,
आणि गटागटा स्वतःच प्यायले.
मिशी पुसत विचारलं,
"आज वार कुठला गं? नळ कधीचा?"