गरम पाण्याची बादली

शहराचं नाव हो.
कुठला रे तू, असं कुणी विचारलं
की आधीच होकार देऊन बसल्यासारखं वाटतं.
मी तिथल्या मुलांच्या वसतिगृहाचा रात्रीचा राखणदार.
अकरा वर्षं, एक टॉर्च, एक कोळशाची शेगडी,
आणि डिसेंबरपासून आणखी एक काम:
पहाटे चारला बादलीभर पाणी तापवायचं,
सेन्योसाठी.

सेन्यो चौदाचा. त्याच्या रक्तात विळे आहेत,
नर्सबाईंनी मला खडूने फरशीवर काढून दाखवलं:
गोल पेशी, मग वाकलेली पेशी,
मग अरुंद गल्लीत अडकलेला विळ्यांचा ढीग.
थंडी वाजली की अडकतात, तहान लागली की अडकतात.
मी म्हटलं, म्हणजे थंडीशी याचं विळ्या-भोपळ्याचं नातं.
त्या हसल्या नाहीत.

हरमॅटन सुटला होता.
सहाराची धूळ इतकी, की समोरचा अडाक्लूचा डोंगर
आठ दिवस कुणी पाहिला नव्हता.
पोरांचे ओठ फुटलेले, पहाटेचं पाणी सुईसारखं,
आणि त्या रांगेत एकाच बादलीतून वाफ.
"मंत्रिसाहेब आले, वाट द्या!"
एडेम रोज ओरडायचा.
मी ऐकायचो. वाटायचं, पोरंच ती.

एके पहाटे बादली तशीच राहिली.
वाफ विरली, वर धुळीची साय धरली.
तो नळाखाली न्हाला, सगळ्यांसारखा,
सगळ्यांच्या देखत, दात न वाजू देता.
दुपारी त्याला पाठुंगळी घेऊन मी फाटकाबाहेर धावलो.
ओरडला नाही. माझ्या खांद्यावरचा शर्ट
दातांत धरून ठेवला होता त्याने.
तो शर्ट मी अजून शिवलेला नाही.

सहा दिवसांनी परतला.
"तोग्बे, पाणी तापवू नका."
मी चिडलो. पुष्कळ बोललो,
सगळं शहाणपणाचं.
तो म्हणाला, "दुखणं सोसतं मला. बादली सोसत नाही."

त्या रात्री चारऐवजी नऊ फेऱ्या मारल्या.
कोळशाचं पोतं हाताने तोलून पाहिलं,
हिशेब जमेना.
मग एडेमला उठवलं. त्यालाच का, माहीत नाही,
आवाज त्याचाच मोठा म्हणून असेल.
फरशीवर विळे काढले, नर्सबाईंपेक्षा वाईट.
"मला वाटलं, चोचले आहेत," तो म्हणाला,
आणि बराच वेळ बोटाने खडू पुसत बसला.

दुसऱ्या दिवसापासून जळण यायला लागलं:
काटक्या, नारळाच्या करवंट्या,
एका बाकाचा पाय
(तो मी पाहिलेला नाही).
अक्पले शिजवायचं मोठं पातेलं शेगडीवर चढलं.
प्रत्येकाच्या बादलीत दोन-दोन मग.
सेन्योच्या बादलीत जास्त पडायचं,
पण वाफ सगळ्यांच्याच तोंडावर,
कोण मोजणार?

इथेच थांबता आलं असतं तर बरं होतं.
मार्चमध्ये, भर उकाड्यात, काही कारण नसताना
पुन्हा दुखलं त्याला.
विळे कॅलेंडर बघत नाहीत.

रात्री वॉर्डात गेलो, तर एडेम आधीच तिथे,
भूगोलाची वही मांडीवर,
जगातल्या वाऱ्यांची नावं अडखळत वाचणारा,
आणि सेन्यो डोळे मिटून
त्याच्या चुका काढतोय,
मध्येच थांबतोय, ओठ आवळतोय,
पुन्हा चूक काढतोय.

मी पाण्याची बाटली उशाशी ठेवली.
पी, म्हणालो नाही.

त्याने एक डोळा उघडला.
"तोग्बे, फाटकावर कोण आहे मग?"

कुणी नाही, म्हणालो,
आणि स्टूल ओढून बसलो.