कलमाखालचा फुटवा

रेमेई दोन डबे घेऊन आल्या.
एक बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावरून सुतळी.
दुसरा कुरियरचा खोका, अजून न फोडलेला.
"दोन्ही बदाम एकाच झाडाचे," म्हणाल्या,
"आणि तरीही एक नाहीत.
एवढं मला कागदावर लिहून हवंय."

रेउसच्या या प्रयोगशाळेत
सतरा वर्षं मी बदाम दळते आहे.
मार्कोना बुटका, गोल, गालफुग्या.
लार्गेता लांबोडका, भाजला की निमूट साल सोडणारा.
सिसिलीहून येतो त्याला हातोडी लागते,
कॅलिफोर्नियाचा चिमटीतच चुरतो.
दळल्यावर सगळ्यांचं पीठ सारखंच दिसतं.
माझं काम तिथून सुरू होतं.

काचेच्या नळीत द्रावण चढतं,
थेंब थेंब साचतं, भरलं की एकदम ओसरतं,
पुन्हा चढतं.
सहा तास.
तेवढ्या वेळात माणसं बोलतात.

गारीगेसच्या उतारावर वडिलांचं झाड.
धाकट्या एलोईला तिथे विहीर हवी होती.
वडील म्हणाले, तहानेशिवाय बदाम तेल धरत नाही.
त्या जानेवारीत एलोईने झाडाच्या बारा काड्या कापल्या,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या
आणि बादाखोसची बस धरली.
तिथे नदी, तिथे ठिबकच्या काळ्या नळ्या,
बारांतल्या नऊ जगल्या.
वडील गेले, मग झाडही वठलं.
त्याचं एक कलम रेमेईंच्या कुंपणाशी उरलं.
"सव्वीस वर्षं तो पाण्याचे बदाम पिकवतोय," त्या म्हणाल्या,
"आणि त्यांना बाबांचं नाव लावतोय."

खाण तशी माती, असं म्हणून
मला मोकळं होता येत नाही.
खाण एकच आहे इथे. माती दोन.
बाराशे फुटांवरचा चुनखडीचा उतार
आणि नदीकाठचा गाळ,
एकीकडे पहाटेची थंडी, दुसरीकडे रात्रीही न निवणारी हवा,
हे सगळं त्या एवढ्याशा दाण्यात कुठे ठेवलंय
ते मी शोधायचं.

उतारावरचं तेल साडेसत्तावन्न टक्के,
नदीकाठचं त्रेपन्नला थोडं कमी.
रेमेईंनी मान हलवली, जणू निकाल लागला.
पण ओलिक आम्ल एलोईच्या तेलात चढं निघालं,
ई जीवनसत्त्वही.
"म्हणजे?"
"म्हणजे त्याचं तेल कमी, पण खवट उशिरा होईल."
त्या काही बोलल्या नाहीत.

यंत्राच्या आधी जीभ, असा नियम
माझ्या आधीच्या फ्रुक्तुओसने घालून दिलेला.
नमुन्यातले वीस दाणे चावून बघायचे.
खोक्यातले वीसही गोड.
पत्र्याच्या डब्यातला सोळावा कडू.
साधा कडू नाही,
घशापर्यंत जाऊन बसणारा,
पाण्याने न उतरणारा.

मी दोनदा विचारलं, दुसऱ्या झाडाचे मिसळले का?
"एकच झाड आहे माझं."
मग खुंटाचं सांगावं लागलं.
कलम बांधतात ते रानबदामाच्या कडू रोपावर.
बुंध्यात तो गप्प असतो,
दुर्लक्ष झालं की कलमाच्या खालून डोकं काढतो,
वर्षा-दोन वर्षांत फांदी होतो,
आणि तिची पानं हुबेहूब इतरांसारखी.

रेमेई खिडकीकडे बघत राहिल्या.
"कुंपणाच्या बाजूला एक फांदी आहे खरी.
मला वाटायचं,
बाबांचं झाड पुन्हा जोर धरतंय."

अहवाल छापला. एक प्रत त्यांना,
एक बादाखोसला.
"त्याला कशाला?"
मी फॉर्म दाखवला. निम्मे पैसे त्याने भरले होते.

उठताना त्यांनी खोक्यात हात घातला,
एक दाणा काढला,
बराच वेळ चावला.
"पाणचट," म्हणाल्या,
आणि आणखी एक घेतला.