ते घरी नाहीत

सांगलीच्या यार्डात हळदीचा सौदा निघाला
की रुमालाखाली बोटं बोलतात, तोंडं गप्प असतात.
मला ते बरं वाटतं.
चार वर्षं झाली, पोती मोजतो, वजन लिहितो,
कुणासाठी काही मागत नाही.
डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पिवळं.

इथं मी नुसता रणदिवे.
झगा पत्र्याच्या पेटीत आहे, डांबरगोळ्यांसोबत.

आज दुपारी काट्यापाशी रत्नप्रभा आवळे येऊन उभी राहिली.
मिरजेहून, सिटी बसनं.
हातात स्टीलचा डबा, चपलेला सेफ्टी पिन.
पळावंसं वाटलं. पण काट्यावर पोतं होतं
आणि काटा अजून थरथरत होता.

सलाम, पाळकसाहेब, म्हणाली.

त्या मे महिन्यात, रात्री अडीचला,
मिशनच्या दवाखान्याच्या फाटकातून तिचा फोन आला होता.
एलियाचा श्वास तुटतोय,
पाळकांना सोडतील म्हणाल्या सिस्टर,
प्लास्टिकचे कपडे देतात, लवकर पाठवा.
फोन मीच उचलला होता.
मीच आवाज जाड करून म्हणालो होतो,
ते घरी नाहीत.

पहाटे शेजारच्या खुराड्यातला कोंबडा
रोजच्यासारखा आरवला.
त्याच्यावर मी अकरा वेळा उपदेश केला होता.
उशी डोक्यावर घेतली.

आवाज ओळखला होता मी, म्हणाली,
सर्दी झाल्यागत केला होता तुम्ही.
पण काचेतून त्यांना खुणेनं सांगितलं,
बोलले पाळकसाहेब, केली प्रार्थना.
आमेनला ओठ हलले त्यांचे.
ते एक खोटं माझ्याकडं राहिलंय.
तुमचं तुम्ही बघा,
माझं तेवढं खरं करून द्या.

म्हणालो, माझ्या तोंडाला आता ते शब्द येत नाहीत.
हात बघा कसे झालेत.
धुवा की मग, ती म्हणाली. नळ तिकडं आहे.

धुतले. नखांतलं गेलं नाही.
काट्याला टेकूनच उभा राहिलो
आणि चार वर्षं उशिरा
तुटत्या श्वासाच्या माणसासाठी मागितलं
जे त्या रात्री मागायचं होतं.
मध्येच एक आख्खं वाक्य विसरलो.
कुठल्यातरी हमालानं डोक्याचं फडकं काढलं होतं.
आमेन तिनं जरा घाईनंच म्हटलं.

मग डबा उघडला. भाकरी, सुकटाची चटणी.
जेवा आधी.
मी मोडलेल्या तुकड्यावर अंगठा उमटला, पिवळा.
तिनं तोच तुकडा घेतला.

सहा नंबरात एक ड्रायव्हर आहे, ती खाता खाता म्हणाली,
गोकाककडचा. पाय काढलाय. येणारं-जाणारं कुणी नाही.
उद्या चारला सोडतात भेटायला.
मला कन्नड येत नाही, म्हणालो.
बसायला येतं की.

शेठ आतून ओरडला, रणदिवे, वजन?
वजन मी लिहिलंच नव्हतं.

जाताना तिनं विचारलं, नंबर तोच का?
तोच.
बघते हं, म्हणत तिथंच उभी राहून तिनं बटण दाबलं.
माझ्या खिशात वाजायला लागलं.
ती बंद करेना. वाजत राहिलं.
काढला, कानाला लावला.
हातभर अंतरावरून, दुसरीकडं बघत,
ती फोनमध्ये म्हणाली, कोण बोलतंय?

मीच, म्हणालो,
आणि माझा आवाज मला
दोन ठिकाणांहून ऐकू आला.