कड्डी

निलव्वानं दिली तेव्हा नुसती काडी होती,
पानं तिच्या चटणीत गेलेली.
"कड्डी साकु," म्हणाली. काडी पुरे.

वडगावात आमच्या मागाच्या खोलीमागं
मी रंगाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली
आणि तो मोरीच्या तोंडाशी ठेवला.
माग चालू झाला की भिंत थरथरते,
डबाही.
वाटलं, ही हादऱ्यानंच मरणार.
नवव्या दिवशी बुडाशी दोन पानं,
उंदराच्या कानाएवढी.

मग थांबलाच नाही.
डब्यातून फरशीच्या फटीत,
फटीतून पायरीखाली,
जिथं मी तांदळाचं धुवण ओतते तिथं तर
गुडघ्याएवढा.
खुडलं की बोटांना वास राहतो,
त्याच बोटांनी मी तुटलेला धागा सांधते.
एखाद्या साडीच्या काठात गेला असेल पुदिना,
गिऱ्हाईक रंग बघतं, हुंगत नाही.

ह्यांचं पोट धरलं की चार पानं उकळून,
एरवी ताकात, मिरची-मिठाबरोबर वाटून.

निलव्वा गोकाकला गेली, लेकाकडं,
चौथ्या मजल्यावर.
परवा फोन आला: माझा वाळला गं,
तुझ्याकडं आहे का?
म्हटलं, तुझाच की.
बराच वेळ नुसता मागाचा आवाज,
माझ्याकडचा.

आज गोकाकच्या बसला कंडक्टरच्या हातात दिल्या
सात काड्या,
ओल्या चिंधीत गुंडाळून.
पानं आधीच काढून घेतली,
वाटेत सुकतात म्हणून.
खरं तर चटणीला.