टेबलाच्या पायाखाली

उद्यमबागेत रविवारी भट्ट्या थंड असतात.
तेव्हा चहागाडीमागं, गंजक्या लेथच्या बेडशेजारी,
एका डुगडुगत्या टेबलावर
ज्यानं जे केलंय ते तो आणून ठेवतो.
नियम कुणी लिहिलेले नाहीत.
लिहायचे तर कुठल्या भाषेत,
यावरनंच भांडण व्हायचं.

मी पहिल्यांदा गेलो तो कार्डं घेऊन.
शंभर. चकचकीत. एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड,
मधोमध माझं यंत्र, रताळी धुवायचं,
तासाला दहा पोती, खाली ठळक नंबर.
सात बशा होत्या. सातांखाली एकेक सरकवलं
आणि सांगत सुटलो, ड्रम, मोटर, सबसिडी.

रेणुका हलगेकर मोटरीला तार भरत होती,
त्रेचाळीस, चव्वेचाळीस,
माझ्या नमस्कारानं तिचा आकडा सुटला.
तिनं सगळे वेढे उलगडले
आणि पुन्हा एकपासून धरलं.
बोलली काही नाही.

कुणीच रागावलं नाही, तेच लागलं.
दस्तगीरनं कार्ड उलटंपालटं बघितलं,
"छलो ऐती," म्हणाला,
चार घड्या घातल्या
आणि टेबलाच्या आखूड पायाखाली दाबलं.
टेबल थांबलं.

पुढच्या रविवारी रिकाम्या हातानं गेलो.
का गेलो कुणास ठाऊक. चहा बरा होता.
रेणुकाचे वेढे मी मोजले, मोठ्यानं,
ती नुसती गुंडाळत राहिली.
भरमाण्णा मुतगेकरांनी पंपाचा इंपेलर ओतून आणलेला,
पात्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं.
"वाळू ओली होती काय?" मी विचारलं.
तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं.

असे किती रविवार गेले, मोजले नाहीत.
गणपती गेले. उचगावच्या माळावर
रताळी निघायला लागली, आणि भरमाण्णाच म्हणाले,
"ते तुझं धुवायचं काय झालं रे?
आण की."

आणलं. टेम्पोतनं, ताडपत्री पांघरून,
दवाखान्याला न्यावं तसं.
तिसऱ्या रेल्वे गेटला अडकलो
तेव्हा मनात भाषण घोकत होतो.
मालगाडी लांब होती, भाषण पाठ झालं.
तिथं पोचलो आणि भलतंच बोललो:
"हे मीच केलंय. विकायचं पण आहे, खोटं कशाला.
साल निघते. बेअरिंगात पाणी जातं.
तासाला दहा पोती नाही, सहा,
तीही रताळी एकसारखी असली तर."

कुणी वा म्हणालं नाही.
बाह्या सारल्या.
दस्तगीरनं ड्रममधली माती बोटावर घेतली,
चोळली, हुंगली,
ही लाल चिकट माती, म्हणाला, हिला तारेचा ब्रश चालत नाही,
काथ्या लाव.
रेणुकानं माझ्या मोटरीचं झाकण उघडलं
आणि आत बघून असं हसली
की मी चहा सांगायला गेलो.
दुपारपर्यंत सगळं यंत्र नटबोल्टांत सुटं पडलेलं,
पान्यावरनं दोघांचं चाललेलं,
आणि मला कुणी काही विचारत नव्हतं.
मी कंदील नसलेल्या घरात पाहुणा आल्यागत उभा,
खूष.

बेअरिंगात अजून पाणी जातं, थोडं.

परवा फोन आला. नंबर अनोळखी.
कार्डावरनं घेतला म्हणाला.
छाती फुगली माझी, खोटं कशाला.
चहागाडीवरचा पोरगा होता.
"अण्णा, टेबल परत हलायलंय.
आणखी एक कार्ड मिळंल काय?"

त्र्याण्णव आहेत, म्हटलं.