पासंग

तेरा पौंड.
एकशे सत्तेचाळीस आणि एकशे साठ यांच्या मधली एवढीशी जागा.
सिल्व्हियोच्या न्हावीदुकानात गेली चाळीस वर्षं
आम्ही म्हातारे तिच्यातच राहतो.

यंग्सटाउनला आता भट्ट्या नाहीत,
रात्रीचं आभाळ साधं काळं असतं.
वाद तेवढा तापलेला :
लिअँडर मॉट्ली मोठा, की यांको ह्राबचाक?

मॉट्ली मूळचा वेल्टरवेट. चढून मिडलवेट झाला
तेव्हा त्याच्या पायांतलं काहीतरी खालीच राहून गेलं,
असं मी म्हणतो. सिल्व्हियो म्हणतो, छट्,
अंग भरलं तेव्हा कुठे त्याच्या ठोशाला अर्थ आला.
यांकोचं उलटं. हाडापेरानं मिडलवेट,
पण पैसा होता खालच्या वजनात, म्हणून उतरायचा.
लढतीआधी दोन दिवस ओठाला पाणी नाही,
रबरी अंगरखा घालून बॉयलरच्या खोलीत दोरीवरच्या उड्या,
आणि थुंकायचा कॉफीच्या एका डब्यात.
मग डबा कानाशी हलवून बघायचा,
किती गेलो.

दोघं एकमेकांशी कधीच लढले नाहीत.
ज्या हिवाळ्यात एक वर गेला, त्याच हिवाळ्यात दुसरा खाली आला.
जिन्यात ओलांडली असतील एकमेकांना,
खांद्याला खांदा न लागता.

वजनकाटा माझ्या ताब्यात असायचा. पितळी दांडीचा.
आज तो इथेच आहे, टोप्यांच्या खुंट्यांखाली,
पोरं येता-जाता त्यावर चढतात.
तेरा पौंड म्हणजे काय ते मला विचारा.
जुळी बाळं, दुपट्यांसकट.
सणाचा एक टर्की.
माणूस एवढं स्वतःतून काढतो, नाहीतर स्वतःत घालतो,
आणि नाव मात्र जुनंच लावतो.

एक गोष्ट सिल्व्हियोलाही ठाऊक नाही.
एका सकाळी यांको पाव पौंडानं जास्त भरला.
अंगावर चिंधी नव्हती, काढणार काय?
खोल गेलेले डोळे त्यानं माझ्याकडे वळवले, मागितलं काहीच नाही.
बाकीचे कागदांवर सह्या करत होते.
तोंडातला गम मी दांडीच्या टोकाखाली दाबला.
दांडी आली खाली, सावकाश,
देवळात मान लवते तशी.
त्या रात्री तो जिंकला. नवव्या फेरीत.
तेव्हा तुलना करताना मी जरा कमी बोलतो.

परवा एम्मेट क्वार्ल्स खुर्चीत होता, गळ्याभोवती पांढरं कापड.
वाद चढला, आणि सिल्व्हियो वस्तरा नाचवत म्हणाला,
बाकीचे सगळे या दोघांच्या पासंगालाही पुरणार नाहीत!
मग त्याला आठवलं, कापडात कोण आहे ते.
एम्मेट दोघांशी लढला होता.
मॉट्लीशी वेल्टरमध्ये, यांकोशी तीन वर्षांनी, मिडलमध्ये.
दोन्ही वेळा पडला.

आरशातूनच बोलला तो.
मॉट्लीनं मारलं तेव्हा मी खाली बसून विचारत होतो, दिवे कुणी मालवले?
यांकोचा ठोसा मला दिसला.
लांबून येताना दिसला, बाप घरी येताना दिसायचा तसा,
आणि मी जागचा हललो नाही.

मग मोठा कोण?

मॉट्लीच्या रात्री ऐंशी डॉलर मिळाले.
यांकोच्या रात्री एकशे दहा.
त्यातले साठ दातांना गेले.

कुणी हसलं नाही.
सिल्व्हियोनं बहिऱ्या कानावरचे केस कापले,
गरजेपेक्षा जास्त वेळ घेऊन.
एम्मेट उठला, मानेवरचे केस झटकले,
बूट काढले, जुन्या सवयीनं,
आणि काट्यावर उभा राहिला. सरळ. हात मांड्यांना चिकटवून.
लोळ मीच सरकवला.
एकशे अडतीस.
जमलं की, म्हणाला, अजून वेल्टर आहे मी,
नऊ पौंड खायला मोकळा.

आणि बूट घालायला वाकला.
गम अजून तिथेच आहे, दगड झालेला.
मी काही बोललो नाही.