सातवं पान

मंदाकिनी थिएटरच्या बाल्कनीचा कठडा
सरळ कुठे नव्हताच.
लोखंडाची वेल, नुसती वळत गेलेली,
नदीत केस सोडावेत तशी.
दारावर चुन्यातली कमळं,
काचेत एक निळा चतुर;
मालकांनी म्हणे हे सगळं
विलायती बिस्किटांच्या डब्यावर पाहिलेलं.
घडवलं मात्र दस्तगीरच्या भट्टीनं.
डावीकडून सातवं पान
त्यानं केलंच नाही.
लोखंड संपलं म्हणतात,
कुणी म्हणतं, मजुरी थकली.

नरसय्या यमूल, माझे सासरे,
दुसऱ्या पाळीतून सुटले की चार आण्यांत खाली बसत
आणि खेळ सोडून मान वर.
घरी चौकडीच्या कागदावर
एकेक घर भरत वेल उतरवली,
मग पुठ्ठ्यांना भोकं पाडली.
आठशे बारा पुठ्ठे.
सासूबाई तेलुगूत म्हणाल्या,
एक पान राहिलंय बघा.
ते म्हणाले, राहिलेलंच आहे ते.

पुढे भोंगा थांबला.
थिएटरात सिनेमा, मग खताची पोती,
मग नुसताच पत्रा.
कठडा किलोवर गेला.

परवा वास्तुकलेची एक मुलगी
गल्लोगल्ली फोटो विचारत आली.
फोटो कुणाकडेच नाही.
मी तिला आतल्या खोलीत नेलं,
मामंजींच्या अंगावरची चादर
हलकेच ओढली.
ती बोटानं मोजत गेली,
पाच, सहा,
आणि बोट तिथंच राहिलं.

ताप आहे त्यांना, मी म्हटलं,
पांघरू दे आता.